हुसेनसागरातला बुद्ध आणि बुडालेली माणसं



पुतळ्याची समीक्षा होते का, यावर आमच्या वाचनमंडळात रात्री बारापर्यंत वाद झाला. एक जण म्हणाला, समीक्षा पुस्तकाची असते. दुसरा म्हणाला, नाटकाचीही असते. मी म्हणालो, जे कुणीतरी घडवलं, ज्यात लोकांचा पैसा आणि घाम गेला आणि जे लोकांसमोर उभं केलं, त्या सगळ्याची समीक्षा होते. प्राध्यापक मंडळी आमच्या कवितांना भिंग लावून कलामूल्य शोधतात. आम्ही एक पुतळा तपासला तर कुणाच्या पोटात का दुखावं?

मी सूतगिरणीत रिंगखात्यात सायडर आहे. शाळा दहावीला सुटली. जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात. शिल्पशास्त्र मला येत नाही. पण फिरणाऱ्या शेकडो चात्यांत कुठला धागा तुटलाय ते मला लांबून दिसतं, कारण त्याचाच पगार मिळतो. तीच नजर घेऊन मी हैदराबादला गेलो. हुसेनसागर तलावात उभा केलेला बुद्ध बघायला, आणि त्याच्या काठावरची लुंबिनी बाग बघायला.

मुंबईहून येणारी हुसेनसागर एक्स्प्रेस पहाटे सोलापूरला लागते. गाडीलाच तलावाचं नाव. एक साप्ताहिक सुट्टी आणि एक खाडा असे दोन दिवस काढले. बरोबर आमच्या खात्यातला अण्णा. अण्णा जातीनं पद्मशाली. त्याचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. घरात तेलुगू, शाळा मराठी. त्यामुळे अण्णाला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. ही गोष्ट पुढं लागणार आहे, ध्यानात ठेवा.

दुपारी नामपल्लीला उतरलो आणि चालत तलावाकडं निघालो. हुसेनसागर माणसांनी केलेला तलाव आहे. कुतुबशाहीत, १५६० च्या दशकात, बांध घालून पाणी अडवलं. हुसेनशाह वली या सूफी संताचं नाव त्याला मिळालं. म्हणजे तलावाला सूफीचं नाव, मध्ये बुद्ध, आणि दर साली भाद्रपदात त्याच पाण्यात गणपतींचं विसर्जन. अण्णा म्हणाला, "एक देव बुडवायसाठी क्रेन आणतेत, आन् एक बुडालता तर त्याला काढायसाठी आणले." मी म्हटलं, "अण्णा, बुद्ध देव नाही." तो म्हणाला, "ते तू मला नको सांगू बे, त्या तिकीटवाल्याला सांग."

खरंच, लुंबिनी तिकिटाच्या खिडकीपासून सुरू होते. खरी लुंबिनी नेपाळात आहे, जिथं सिद्धार्थ जन्मला. ही लुंबिनी १९९४ ची. हिरवळ, कारंजी, दिव्यांचा खेळ, भेळ, मक्याची कणसं, फोटोवाले. बागेत हसणाऱ्या लोकांवर माझा राग नाही. आठ तास चात्यांचा आवाज कानात घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला गवतावर पाठ टेकायला मिळणं काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको. पण बागेला नाव देणाऱ्यानं त्या नावाचं काहीतरी देणं लागतं. मला गेटावर नाव भेटलं, लांब पाण्यात मूर्ती दिसली, आणि मधल्या सगळ्या वाटेवर बुद्धाचं म्हणावं असं फार थोडं हाताला लागलं.

याच बागेत २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी लेसरचा खेळ बघत बसलेल्या लोकांत बॉम्ब फुटला. त्याच संध्याकाळी कोठी भागात गोकुळ चाट या दुकानातही फुटला. दोन्हीकडं मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली. लुंबिनीत मेलेल्यांत आपल्या संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पोरं होती, सहलीला आलेली. मी ज्या बाकावर बसलो तिथून मूर्तीचा उजवा हात दिसत होता, तळवा पुढं केलेला. त्याला अभयमुद्रा म्हणतात. भिऊ नका, असा त्याचा अर्थ. तो हात त्या संध्याकाळीही तसाच वर असणार.

बोटीत बसलो. अंगात नारिंगी जाकीट. पाण्याला वास मारत होता. शहरातल्या नाल्यांनी कैक वर्षं घाण या तलावात आणून ओतली, हे नाकाला लगेच कळतं. मूर्ती ज्या खडकावर आहे त्याला जिब्राल्टर रॉक म्हणतात. तलावाला सूफीचं नाव, खडकाला साहेबाच्या मुलखातलं. उतरलो, पायऱ्या चढलो.

आता मूर्ती. एका अखंड पांढऱ्या ग्रॅनाइटच्या दगडातली, ५८ फूट उंच, वजन सुमारे ३५० टन. दगड भोंगीरजवळच्या रायगिरीचा. घडवली गणपती स्थपती आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. चिवराच्या चुण्या इतक्या बारीक आहेत की कापडाचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला बोट लावून बघावंसं वाटलं. अण्णा किती तरी वेळ चुण्यांकडंच बघत होता. मग त्यानं वर केलेल्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, "हा पोलीस थांबा म्हणतो तसा का उभाय?" मी हसलो. खोटं कशाला बोलू, त्या आधी मी हात जोडले होते. लहानपणापासून वस्तीतल्या विहारात जोडतो तसे. टीका करायला आलेला माणूस पहिल्या मिनिटाला हात जोडतो, हे समीक्षेत बसत नसेल. पण झालं ते लिहिलं.

मग डोळे शोधले. पायाशी उभं राहून मान वर केली की हनुवटी दिसते, नाकपुड्या दिसतात, डोळे दिसत नाहीत. बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध हवा होता. तसं चित्र त्यांनी स्वतः काढलं होतं. बुद्धाची मूर्ती घडवताना बुद्धानं तुमच्याकडं बघितलं पाहिजे, ही माझी साधी अट आहे. इथला बुद्ध लांबून आपल्याकडं बघतो. जवळ गेलं की आपल्या डोक्यावरून शहराकडं बघतो.

आता तुटलेले धागे तपासू.

पहिला धागा, मूर्ती आणली कुणी? एन. टी. रामाराव यांनी. १९८३ साली ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. अमेरिकेत गेले असता न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवी त्यांनी बघितली आणि आपल्याकडंही तसं काहीतरी पाण्यात उभं पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. म्हणजे हा बुद्ध सारनाथहून किंवा अमरावतीहून निघून इथं आलेला नाही, व्हाया न्यूयॉर्क आलेला आहे. रामाराव म्हणजे पडद्यावरचा कृष्ण आणि पडद्यावरचा राम. १९५७ च्या 'मायाबाजार' मधला त्यांचा कृष्ण अजून तेलुगू घरांत पुजला जातो, असं अण्णा सांगतो. त्यांच्या मनात काय होतं ते तपासायचं यंत्र माझ्याकडं नाही. एवढं मान्य करतो की त्यांना राम-कृष्ण उभा करता आला असता, मतंही जास्त मिळाली असती, तरी त्यांनी बुद्ध निवडला. पण ज्या मातीत बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करून टाकलं, तिथं पडद्यावरच्या अवतारानं बुद्ध उभा केला की बघणारा त्याला देवांच्या रांगेतच बसवणार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यात बुद्ध विष्णूचा अवतार नाही ही प्रतिज्ञा का घातली, ते या खडकावर नारळ शोधणारी माणसं बघितली की कळतं.

दुसरा धागा जास्त खोल तुटलेला आहे. मूर्तीचं काम सुरू झालं ते साल १९८५. त्याच सालच्या १७ जुलैला प्रकाशम जिल्ह्यातल्या करमचेडू गावात जमीनदार जातीच्या जमावानं मादिगा वस्तीवर हल्ला केला. सहा माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. भांडण कशावरून? पाण्यावरून. मादिगांच्या पिण्याच्या तळ्यात घाण केली म्हणून आपल्यातल्यांनी हटकलं, एका बाईनं हंडा उगारला. एवढाच गुन्हा. महाडचं चवदार तळं १९२७ चं. करमचेडू त्यानंतर ५८ वर्षांनी. मूर्तीची उंची ५८ फूट. हा योगायोग आहे, त्यात काही अर्थ नाही, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही. मारणारी जात मुख्यमंत्र्यांचीच होती. त्या करमचेडूतून आंध्रात दलित महासभा उभी राहिली, बोज्जा तारकम आणि कत्ती पद्माराव यांच्यासारखी माणसं पुढं आली, तेलुगू दलित कवितेला नवा कंठ फुटला. आणि राजधानीत, त्याच सरकारच्या हुकमानं, करुणेच्या महासागराला एका दगडातून सोडवण्याचं काम चालू होतं.

कलावादी म्हणतील, कलाकृतीचा आणि गावातल्या मारामारीचा काय संबंध? संबंध असा की दोन्ही एकाच खजिन्यातून आणि एकाच कारभारातून निघाल्या. कवितेतला शब्द कुठून आला ते आपण विचारतो, तसं दगड कुठल्या सालातून आला तेही विचारलं पाहिजे.

तिसरा धागा, १० मार्च १९९०. तोवर रामाराव निवडणूक हरले होते, काँग्रेसचं राज्य आलं होतं. घडवलेली मूर्ती रायगिरीहून काठावर आणलेली होती. त्या दिवशी ती तराफ्यावर चढवून खडकाकडं न्यायला निघाले. थोडं अंतर गेल्यावर तराफा कलंडला. मूर्ती पाण्यात गेली, आणि तिच्याबरोबर माणसं गेली. मूर्ती तळाशी दोन वर्षं आणि जवळपास नऊ महिने पडून होती. १ डिसेंबर १९९२ ला ती वर काढली. पाचच दिवसांनी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. एकीकडं एक मूर्ती वर येत होती, दुसरीकडं एक घुमट खाली जात होता.

बुडालेली माणसं किती? कुठं आठ लिहिलेलं आहे, कुठं दहा. बघा ही गंमत. दगडाची उंची ठरलेली, तो बुडाला ती तारीख ठरलेली, वर काढला ती तारीख ठरलेली, आणि त्याच्याखाली गेलेल्या माणसांच्या आकड्यात दोनाचा फरक. जिवंत माणसं होती ती. घरी कुणी जेवण झाकून ठेवलं असेल. दोन माणसं हिशेबात असली काय, नसली काय, ५८ फुटांत काही कमी होत नाही.

मी आणि अण्णानं चौथऱ्याला दोन फेऱ्या मारल्या. बुडालेल्यांचं एकही नाव आम्हाला भेटलं नाही. तेलुगू अक्षरांसमोर आम्ही दोघं मिळून आंधळे. अण्णाच्या तोंडात भाषा आहे, डोळ्यांत नाही. माझ्याकडं तीही नाही. म्हणून बोटीवरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "हौ भाई, डूबे थे बोलते. कित्ते थे मालूम नै. मैं पैदा बी नै हुआ था तब." त्याचं काही चुकलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि त्याच्या रोजच्या कामाच्या जागी ते कुठं डोळ्यांवर येईल असं लिहिलेलं नाही.

मला हा आकडा का खुपतो ते सांगतो. एका गिरणीत मी असताना कार्डिंगमध्ये एकाचा हात गेला. यंत्र पुसलं आणि पुढची पाळी वेळेवर सुरू केली. आठवड्यानं मुकादम म्हणाला, त्या दिवशी किती किलो उत्पादन बुडालं. बुडालं हा शब्द त्यानं सुतासाठी वापरला. तेव्हापासून बुडालं म्हटलं की मी विचारतो, काय बुडालं आणि कोण बुडालं.

आणि चौथा धागा. मूर्ती तळाशी पडलेली असताना, ६ ऑगस्ट १९९१ ला, गुंटूर जिल्ह्यातल्या चुंडूर गावात आठ दलित मारले गेले. प्रेतं पोत्यांत भरून कालव्यात टाकली. २००७ साली विशेष न्यायालयानं शिक्षा सुनावल्या, २०१४ साली उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडून दिलं. राज्य तेव्हा दुसऱ्या पक्षाचं होतं, म्हणून एकट्या रामारावांवर सगळं ढकलून मी मोकळा होत नाही. एकाच राज्यात एका पाण्यात बुद्ध आणि दुसऱ्या पाण्यात आपली माणसं पोत्यात. बुद्धाला वर काढायला यंत्रं आली, तज्ज्ञ आले, पैसा आला. पोत्यातल्यांना वर काढायला त्यांची माणसं आली.

इथवर माझा लेख मनात तयार झाला होता. शेवटचं वाक्यही ठरलं होतं, की हा बुद्ध आपला नाही, सरकारचा आहे, आपण त्याच्याकडं पाठ करावी. मी अण्णाला तसं म्हणालोसुद्धा. तेवढ्यात पलीकडून मराठी कानावर आली.

पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी, नातवाबरोबर आलेली. उदगीरकडची. ती चौथऱ्याच्या कोपऱ्यात उभी राहून पंचशील म्हणत होती, हळू, ओठांतल्या ओठांत. फोटो काढणारे तिला बाजूला हो म्हणत होते, ती हलत नव्हती. म्हणून झालं तसा मी जयभीम घातला आणि विचारलं, "आजी, कसा वाटला?"

ती म्हणाली, "लेकरा, आमच्या घरी कॅलेंडरावरचा बुद्ध व्हता, एवढासा. त्येच्यापुढं वाकून मेणबत्ती लावायचे. हितं मान वर करून बघावं लागतंय. जलमभर मान खाली घालून चालले रं. आमच्या गावात वर बघितलं की मारायचे. आज मान दुखूस्तोर वर बघितलं, कुणी काई बोललं नाई."

माझी समीक्षा तिथं अडली, ती अजून पुरती सुटलेली नाही.

मी उंचीला नावं ठेवत होतो. उंची म्हणजे सत्तेचा माज, उंची म्हणजे लोकांच्या पैशाची उधळण. पण ज्याला वर बघायची बंदी होती त्याच्या मानेला उंची काय देते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हातारीला रामाराव माहीत नसतील. तिला न्यूयॉर्कची देवी माहीत नाही. तिनं सरकारच्या मूर्तीतून आपला बुद्ध काढून घेतला, तलावातून काढायला जेवढी यंत्रं लागली त्यातलं एकही न वापरता. कलाकृती कुणाची, याचं उत्तर बनवणाऱ्याकडं असतं की बघणाऱ्याकडं, यावर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा त्या कोपऱ्यात उभं राहावं.

म्हणून आता मी असं म्हणतो. पाठ करू नका. पण मान वर करून बघताना खालीही बघा.

हे मी फक्त या मूर्तीपुरतं म्हणत नाही. खडकावरून काठाकडं बघितलं की आणखी एक पुतळा दिसतो, बाबासाहेबांचा. १२५ फूट उंच, खाली ५० फुटांचा चौथरा, तोही संसद भवनाच्या घाटाचा. १४ एप्रिल २०२३ ला त्याचं अनावरण झालं, प्रकाश आंबेडकर हजर होते. घडवला राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल सुतार यांनी. राम सुतार म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. बुद्ध पाण्यात आणि बाबासाहेब काठावर, हे चित्र बघून छाती भरून येते. माझीही आली. पण त्यांची उंची दुपटीहून जास्त झाली, हे मोजायचा मोह मलाही झाला. उंची मोजायचा हा नाद आपल्यालाही लागलाय. मुंबईत दादरच्या इंदू मिलच्या जागेवर ३५० फुटी पुतळा ठरला, खाली १०० फुटांचा चौथरा. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं. आधी कमी फूट होते, मग वाढवले, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

जागा मात्र गिरणीची आहे. तिथं साचे चालले, बाया-पुरुषांच्या पिढ्या राबल्या. मुंबईच्या गिरण्यांत एक काळ असा होता की आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. कारण तुटलेला धागा धोट्यात ओढायचा तर ओठ लावून ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीनं सवर्ण कामगाराला विटाळ होई. कामगार म्हणून एक आणि थुंकीत वेगळे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. आता गिरणीच्या जमिनीवर बाबासाहेबांचं स्मारक होतंय, तर ही धाग्याची गोष्ट तिथल्या पहिल्या भिंतीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेली पाहिजे. त्या गिरणीत राबलेल्यांची नावं मिळतील तेवढी लिहिलेली पाहिजेत. नाहीतर आपणही उद्या फूट सांगू आणि माणसं विसरू.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. रंगूनहून आणलेली. तिला बघायला मान मोडावी लागत नाही. माणूस समोर बसला की बुद्ध समोर बसलेला. ज्यानं पुढं लाखोंना दीक्षा दिली त्यानं मूर्ती बसवली ती एवढी. मोठ्या मूर्तीला माझा विरोध नाही, तो उदगीरच्या आजीनं संपवला. पण कुठली मूर्ती आपल्याशी बोलते आणि कुठली आपल्या डोक्यावरून बोलते, हे मोजायची पट्टी देहूरोडला आहे.

तेव्हा निकाल. हुसेनसागरचा बुद्ध हे कारागिरीचं मोठं काम आहे. चुण्या, हात, पायांचा ठामपणा, सगळं कसाला उतरतं. पण काम अपुरं आहे. जी मूर्ती माणसांना घेऊन बुडाली, ती वर आल्यावर पूर्वीसारखीच कोरडी उभी केली, हा तिचा दोष. दगडाचा नाही, उभी करणाऱ्यांचा. त्या पायांशी साधा काळा दगड बसवा. त्यावर १० मार्च १९९० लिहा. किती गेले ते एकदाचं नक्की करा, नावं तेलुगूत लिहा, उर्दूत लिहा, हिंदीत लिहा, म्हणजे बोटीवरच्या पोराला वाचता येतील. अभय देणाऱ्या हाताखाली ज्यांना अभय मिळालं नाही त्यांची नावं असली, म्हणजे तो हात खरा होईल.

परतीच्या बोटीत तोच पोरगा होता. मी त्याला म्हटलं, "तारीख ध्यान में रख. दस मार्च, उन्नीस सौ नब्बे. कोई पूछे तो बोल, मजदूर लोग थे." तो म्हणाला, "हौ, बोलतूं." बोलेल की नाही ते त्याच्यावर.

संध्याकाळी टँकबंडवरून चाललो. रामारावांच्या काळात तिथं तेलुगू थोरांचे पुतळे ओळीनं उभे केले. त्यातले काही १० मार्च २०११ ला तेलंगण आंदोलनात पाडून तलावात टाकले गेले होते, पुन्हा बसवले. पुन्हा तीच तारीख, पुन्हा तेच पाणी. अण्णानं एका फुगेवाल्याला तेलुगूत विचारलं आणि आम्ही गुर्रम जाषुवांपुढं जाऊन उभे राहिलो. आपल्यातला कवी, १८९५ ते १९७१. त्यांचं 'गब्बिलम' हे काव्य १९४१ चं. गब्बिलम म्हणजे वटवाघूळ. कालिदासाच्या यक्षानं मेघाजवळ निरोप दिला. जाषुवांचा अस्पृश्य माणूस वटवाघळाजवळ देतो, काशीच्या शिवाला. कारण देवळात माणसाला बंदी, वटवाघळाला नाही. तो पुतळा माणसाएवढा वाटला. त्याच्याशी नजर भिडली. पाटी वाचता आली नाही, पण यावेळी फुगेवाल्यानं अण्णाला वाचून दाखवली आणि अण्णानं मला सांगितली. तीन माणसं लागली एक नाव वाचायला. लागू देत.

रात्रीच्या गाडीनं परत निघालो. दुसऱ्या दिवशी पाळी होती.

तुमच्यापैकी कुणी हैदराबादला गेला तर लुंबिनीत जरूर बसा, बोटीत बसा, हात जोडा, मान दुखेस्तोवर वर बघा. मग बोटवाल्याला विचारा, माणसं किती बुडाली होती. दहा जणांनी विचारलं तर तो कुणाला तरी विचारेल. शंभर जणांनी विचारलं तर दगड बसवावा लागेल.

जय भीम.